आधी ‘नोंद झाली’, मग नोंद

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की गेलेल्या विजेला दोष द्यायचो आणि मोकळा व्हायचो.

संपात गिरणी सुटली तेव्हा मी तिथल्या ऑफिसात कारकून होतो. पुढे दादरला संगणक शिकलो आणि गिरणी कामगारांना घरं मिळावीत म्हणून त्यांच्या नोकरीचे पुरावे नोंदवणाऱ्या एका संस्थेत लागलो. लालबागच्या चाळीत, तळमजल्यावर. सर्व्हर माझ्याकडे होता. नोंदी करायला गिरणीत माग चालवणाऱ्या एका साचेवाल्याची विधवा होती. मी तिला वहिनी म्हणायचो. त्या पगारावर तिचं घर चाले.

गणपतीला गावी जाण्यापूर्वी प्रत्येकाला नाव घालायचं असे. नोंद डिस्कवर पक्की उतरली की मगच सर्व्हर ‘नोंद झाली’ म्हणायचा, आणि डिस्क जुनी. रांग थेट रस्त्यावर जाई. यापेक्षा गिरणी लवकर सुरू होईल, असे टोमणे बसत. मी एक सेटिंग बदललं. आता सर्व्हर नोंद नुसती मेमरीत धरून ‘झाली’ म्हणे आणि सवडीने डिस्कवर लिही. रांग पळू लागली, लोक मला चहा पाजू लागले. वीज गेलीच तर यूपीएस होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडपातले लोक तो यूपीएसच मागायला आले. मूर्तीचे डोळे आखायचे होते, आणि हात रेघेवर असताना दिवा जायला नको. मी नाही म्हणू शकलो नाही. दुपारी वीज गेली. डोळे सुरेख उतरले. आमची फाइल मात्र अर्धवट लिहिलेली राहून बिघडली. आदल्या संध्याकाळची प्रत होती, पण त्या सकाळची सगळी नावं गेली, आणि पुराव्याचे कागद घेऊन माणसं कोकणच्या वाटेला लागलेली.

वहिनीने सेव्ह केलं नसेल, असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवून टाकलं. ती एवढंच म्हणाली, “स्क्रीनवर ‘नोंद झाली’ इल्याशिवाय मी फुडच्याक बोलवलंय नाय.” माझ्याकडे पाहिलंही. मी वायरी गुंडाळत राहिलो. तिला कामावरून काढलं.

जुनं सेटिंग मी गुपचूप परत लावलं. यूपीएस पुन्हा कुणाला दिला नाही. गावोगाव निरोप धाडले, तशी माणसं परत आली, नावं पुन्हा चढली. पुढे काहींना घरंही लागली.

वहिनीने भोईवाड्यात कोर्टाजवळ टायपिंग सुरू केलं. आता स्वतःचं दुकान आहे, हाताखाली दोन मुली. गेल्या वर्षी गेलो होतो. संगणक मंद चालतो, म्हणाली.

“दादा, ह्यो फास्ट होयत?”

“होईल. पण वीज गेली तर लिहिलेलं जाईल.”

“मग ऱ्हवांदे तसोच. लोकांचे कागद आसत.”

तिने चहा मागवला. बशीत ओतून प्यालो, इकडचं तिकडचं बोललो आणि उठलो. घरून निघताना पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. ते असं होतं: वहिनी, तुमचं काही चुकलं नव्हतं, ती नावं मी घालवली, आणि ते माहीत असून गप्प बसलो, मला माफ करा.