सात खड्डे आणि अर्धी दाढी

सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गिऱ्हाइकाच्या मानेला टॉवेल गुंडाळला की बातम्या सुरू. वस्तऱ्याखालून कोणाला पळता येत नाही, त्यामुळे श्रोते हमखास. पण सुट्टीच्या दिवशी आपण कुठे जातो, हे त्याच्या तोंडून वीस वर्षांत फुटलं नव्हतं. बायकोला भलताच संशय. एकदा ती मागोमाग गेली, तर नवरा गवतात पालथा पडून एका फुलाशी बोलत होता.

“बाई असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली, “भांडता तरी आलं असतं!”

फुलं म्हणजे रानातली ऑर्किडं. एक जात फांदीवर बसून मुळं हवेत सोडणारी, एक कातळाच्या फटीतल्या चिमूटभर मातीवर भागवणारी, एकीला तर पानच नाही, कुजक्या पाल्यातून नुसता दांडा वर येतो. कुठली कुठे राहते हे त्याला गिऱ्हाइकांच्या घरांसारखं पाठ. सगळ्यांत लाडकी ओढ्याकाठच्या गवतातली पांढरी. तिची सातच रोपं, आणि तिचं दुसरं ठिकाण त्याला कधी सापडलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी घात केला. दाढी करताना म्हणाले, “आमच्या गॅलरीतली ऑर्किडं बघ, तळहाताएवढी. रानात कसली असणार? खुरटी!”

लेकीला कोणी नावं ठेवली की बापाचं होतं, तेच झालं. ओढा, वळण, काळा खडक, रेडिओने सगळं ओकून टाकलं.

पुढच्या सुट्टीला तिथे सात खड्डे होते.

रेडिओ बंद पडला. दुकानात नुसती कात्रीची कचकच. लोक बायकोला विचारू लागले, “वहिनी, घशाचं काही आहे का?”

“घशाचं नाही, जिभेचं.”

जेवता जेवता त्याचा घास हातातच राही. “मीच गं पत्ता दिला,” तो म्हणे. एवढा आयता टोमणा, पण तिने गिळला.

पंधरवड्याने चष्मेवाले पुन्हा खुर्चीत. एका गालावरून वस्तरा फिरला, तेव्हा ते कुरकुरले, “तुझी ती रोपं माना टाकतायत रे. दोन गेली. इतकं भारी खत घातलं!”

“त्या मातीतली बुरशी त्यांना जेवू घालते, साहेब. बाहेरची माती म्हणजे उपवास.”

“मग उपाय?”

रेडिओने वस्तरा मिटून खिशात टाकला. “उरलेली पाच घेऊन या. दुसरा गाल ओढ्यावर.”

“अरे, मला दुकान उघडायचंय!”

“उघडा की. नवा चष्मा लावून लोक नीट बघतील.”

दुसरं सलून बाजाराच्या पलीकडे. त्यांचं घर समोरच्या गल्लीत. चष्मेवाले टॉवेलने गाल झाकून घरी गेले आणि कुंड्या घेऊन आले.

ओढ्यावर रेडिओने एकेक रोप त्याच्या जुन्या खड्ड्यात बसवलं. मग काळ्या खडकावर बसवून चष्मेवाल्यांचा दुसरा गाल केला.

“जगतील ना रे?” त्यांनी हळूच विचारलं.

“पुढच्या वर्षी वर आली तर जगली.”

दोन खड्डे तसेच राहिले.

दुकानात आता बातम्या पुन्हा चालू आहेत. फक्त टॉवेल गुंडाळण्याआधी तो गिऱ्हाइकाची नखं बघतो. त्यांत माती दिसली, तर त्या दिवशी रेडिओ हवापाण्याच्या पुढे जात नाही.