शवपेटीपुढच्या टाळ्या

नाटकानंतर टाळ्या सुरू झाल्या की माझ्या अंगावर अजून काटा येतो. मॉस्कोत शिकत होतो तेव्हा एका म्हाताऱ्या नटाची शवपेटी नाट्यगृहातून बाहेर आणताना पाहिली. रस्त्यावरची माणसं एकाएकी टाळ्या वाजवू लागली. मी दचकलोच.

"नटाला आम्ही असाच निरोप देतो. तूही वाजव," माझ्या घरमालकीण वेराबाई म्हणाल्या.

सिनेमात तो आधी नायक, मग नायकाचा बाप झाला. रंगमंचावर मात्र वर्षानुवर्षं तो राजा होऊन मरायचा आणि टाळ्या सुरू झाल्या की उठून प्रेक्षकांपुढे वाकायचा. वेराबाईंनी ते कितीदा तरी पाहिलं होतं.

शवपेटी गाडीत ठेवली गेली, गाडीचं दार लागलं. टाळ्या थांबल्या, पण बाई वाजवतच राहिल्या. मी त्यांचा हात धरला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या, "त्याला उठायला नेहमीच वेळ लागायचा."