शॉकवरचं रबरी कडं

मनालीत मी डोंगर उतरणाऱ्या सायकली दुरुस्त करतो. या सायकलींच्या मागच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकच्या दांड्यावर एक बारीक रबरी कडं असतं. धक्का बसला की ते सरकतं आणि दांडा परत बाहेर आला तरी तिथंच राहतं. सगळ्यात मोठा धक्का किती खोल गेला, ते त्यावरून कळतं.

काल दुकानाच्या मालकांनी पहिल्यांदाच अख्खा शॉक मला एकट्याला उघडू दिला. नववीत शाळा सोडलेल्याच्या हातात एवढी महागडी वस्तू कोण देतं? त्या उपकाराचीच धास्ती जास्त. आज नाशिकहून आलेली तन्वी त्याच सायकलवर उतरत होती आणि मी खाली उभा होतो. सील नीट बसलं नसेल तर मध्येच शॉकमधली हवा जाईल, पोरगी दगडांवर आपटेल.

वाटलं, माणसांनाही असं कडं हवं होतं. आई फोनवर "बरी आहे" म्हणते, त्यातलं खरं किती ते कळलं असतं. मीही तिला तेच सांगतो म्हणा.

तन्वी आली. मी आधी दांड्यावर बोट फिरवलं. कोरडा होता, तेल गळलं नव्हतं. कडं टोकाच्या अलीकडेच थांबलं होतं, म्हणजे हवाही टिकली होती.

"दादा, जरा माझ्याकडे पण बघा की," ती म्हणाली. "आहे मी जिवंत."

धुळीनं माखलेली, पण धडधाकट होती.

"अजून एकदा जाऊ का?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "जा" म्हणताना आवाज जरा मोठाच निघाला.