उलटा लिव्हर

लग्नाला सात महिने झाले असताना मी सासऱ्यांची मिलिंग मशीन उलटी चालवून दाखवली. तसा हेतू अजिबात नव्हता.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष. सोलापुरात यंत्रमागांना लागणारी दातेरी चाकं कापून द्यायचा अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कारखाना होता (कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड). त्यांना मुलगा नव्हता आणि माझ्याकडे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होता, त्यामुळे मी तिथे रुजू झालो. मशीन माझ्यापेक्षा वयाने मोठी होती, आणि अण्णा मला ती फक्त पुसू देत.

त्या दिवशी अण्णा पुतणीच्या साखरपुड्याला वळसंगला गेले. जाताना म्हणाले, "काय उघडू नका. संध्याकाळी येतोच मी."

मशीनच्या टेबलावर लोखंड बांधायचं आणि ते टेबल फिरत्या कटरखाली सरकवायला एक लिव्हर होता. तो उजवीकडे ढकलला की टेबल आपोआप उजवीकडे सरकायचं, डावीकडे ढकलला की डावीकडे. हा लिव्हर जड चालायचा. मनात आलं, उघडून, साफ करून, ग्रीस भरून ठेवू. अण्णा आले की चकित होतील.

दुपारी दोनला लिव्हर लोण्यासारखा हलका झाला. उजवीकडे ढकलला. टेबल डावीकडे गेलं.

पुन्हा उघडला, पुन्हा बसवला. पुन्हा डावीकडे. तिसऱ्या वेळी मी लिव्हर डोळे मिटून ढकलला. डोळे उघडले तेव्हा टेबल डावीकडेच चाललं होतं.

मशीन अशी ठेवणं शक्यच नव्हतं. कारण अण्णांची पद्धत मला माहीत होती: उजवा हात लिव्हरवर, डावा टेबलावर कटरच्या उजव्या अंगाला, आणि नजर रस्त्यानं कोण चाललंय त्याच्यावर. तीस वर्षांची सवय. टेबल उलटं सरकलं, तर तो डावा हात थेट कटरखाली जाणार होता.

तेवढ्यात डिप्लोमा आठवला. मोटरच्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. मी ती केली. टेबल मुकाट्याने उजवीकडे गेलं. मी खात्री करायला एक भंगाराचा तुकडा लावला. त्याबरोबर शेडमध्ये लोखंडाची अशी किंकाळी उठली की आमची ही, निर्मला, घरातून पळत आली. टेबल आणि कटर दोन्ही एकाच मोटरवर चालत होते. टेबल सुलट झालं होतं आणि कटर उलटा! लोखंड कापायचं सोडून तो ते नुसतं घासत होता, धूर निघत होता.

"काय केलं तुमी?" तिने विचारलं.

"थोडी साफसफाई," मी म्हणालो.

तिने मशीन बंद केली. लिव्हरचं झाकण काढून आत वाकून पाहिलं.

"ही खुंटी वर हाय की. ती खाली असते."

"तुला कसं माहीत?"

"लहानपणापास्नं अण्णांना नट आवळायचे पाने मीच देत होते. तुमी लिव्हरचा दांडा अर्धा फिरवून बसवलाय."

तिने दांडा काढून फिरवून बसवला. दहा मिनिटांचं काम. मशीन सुरू केली, लिव्हर उजवीकडे ढकलला. टेबल डावीकडे.

मी खाली बसलो. ती मात्र शांतपणे म्हणाली, "वायरी परत लावल्या का?"

आणि त्याच क्षणी दारात अण्णांच्या चपला वाजल्या.

निर्मलाने त्यांना सरळ घरात नेलं. "अण्णा, आधी च्या घ्या. नवरामुलगा कसा हाय ते सांगा." नवऱ्या मुलाबद्दल अण्णांना बरंच बोलायचं होतं. त्याचे वडील, काका आणि मामा सांगून होईपर्यंत मी वायरी जागच्या जागी लावल्या. पण चालवून बघायला वेळ मिळाला नाही. अण्णा आले, खटका दाबला, डावा हात टेबलावर ठेवला आणि रस्त्याकडे बघू लागले.

"अण्णा, हात काढा!"

त्यांनी दचकून हात काढला आणि लिव्हर ढकलला. टेबल उजवीकडे गेलं. कटर नीट फिरत होता.

"काय झालं ओरडायला?"

 अण्णांनी लिव्हर दोनदा इकडेतिकडे केला. "लई हलका झालाय. उघडला होता?"

मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर निर्मला मागून म्हणाली, "व्हय. ह्यांनीच केलं सगळं."

(शब्द न् शब्द खरा होता.)

अण्णांनी लिव्हर आणखी एकदा ढकलून पाहिला. मग म्हणाले, "माढ्याला माझ्या साडूकडं असलीच मशीन हाय. सोमवारी जाऊन तिचा लिव्हर तेवढा असा हलका करून या."

नाही म्हणण्याचं धैर्य मला झालं नाही. सोमवारी मी माढ्याला गेलो, पण निर्मलाला घेऊन. दिवसभर तिला शेडमधून हलू दिलं नाही. तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, की नव्या जावयाला बायकोवाचून घटकाभर करमत नाही. मी लाजल्यासारखं केलं. बायकोवाचून आपल्याला साधा लिव्हर बसवता येत नाही, हे सांगण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं होतं.