मोराच्या बाजूची मोकळी जागा

आधी कबूल करा, हसणार नाही म्हणून. मग सांगते. कारण हे मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय, आणि दोघांनीही चहा सांडला.

तेव्हा मी नववीत. सांगोल्याकडचं आमचं गाव, घरी शेळ्यामेंढ्या, आणि मला नाद चित्रकलेचा. सातवीत मी शाळेच्या भिंतीवर शेळी काढली, तर गावातली शेळी येऊन तिला हुंगून गेली म्हणे. हे मामा सांगतो, खरं-खोटं त्यालाच माहीत. पण त्याच्या जोरावर मामानं आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, पटवलं आणि मला सोलापूरला आपल्याकडं शिकायला आणलं. आबांनी एकच अट घातली.

"जमलं तर शिक. काय येडंवाकडं कानावर आलं तर गुमान परत यायचं. शेळ्या हायतच हितं."

आबा एकदा बोलले की बोलले. मला शेळ्या आवडायच्या, नाही असं नाही. पण जन्मभर त्यांच्यामागं काठी घेऊन फिरायचं नव्हतं.

मामा चादरीच्या कारखान्यात कामाला. ती नोकरी त्याला अंबादास काकांच्या शब्दावर लागलेली. अंबादास काका म्हणजे त्या कारखान्याचे डिझाइन मास्तर. तेलुगू माणूस, बोलणं कमी, चष्म्यावरून बघणं जास्त. आम्ही राहायचो ती खोलीसुद्धा त्यांचीच. आम्ही खाली, ते वर. त्यांची लेक लावण्या माझ्याच वर्गात. म्हणजे बघा, नोकरी त्यांची, छप्पर त्यांचं, मैत्रीणही त्यांचीच. आणि मी कुणाच्या कामात रंग कालवला? ऐका तर.

आमचे चित्रकलेचे शेख सर. इंटरमिजिएटची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि सरांचा एकच मंत्र चालू होता.

"मोकळी जागा नक्को! कागदावर मोकळी जागा दिसली की समजा मार्क गेले. भरा, भरा!"

त्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना ग्राफ पेपरवर संकल्पचित्र काढून आणायला सांगितलं. "सोलापूरची पोरं तुम्ही, ग्राफ नाही आला तर काय उपयोग," म्हणाले. मी माझं दोन दिवसांत उरकलं. पानं, फुलं, वेली, त्यात ठिपके. टाचणी ठेवायला जागा नव्हती.

नेमकं तेव्हाच अंबादास काकांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. घरचे सगळे दवाखान्यात. शनिवारी दुपारी लावण्याचा फोन आला.

"पूनम, माझा ग्राफ वर टेबलावर आहे. जरा रंगवायचा राहिलाय. तेवढा पुरा करून सोमवारी सरांना दे की."

वरची किल्ली मामीकडं असायची. मी रंगाची पेटी घेऊन वर गेले. भिंतीकडं इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, खिडकीशी टेबल, टेबलावर हा एवढा मोठा ग्राफ. दोन्ही बाजूंना तांबड्या रंगात मोर, खाली वेल. इतकं सुबक काम की मला मनातून जरा जळायलाच झालं. पण मधे बघते तर काय, अर्ध्याहून जास्त चौकोन कोरे.

मला लावण्याची दया आली. एवढे चांगले मोर काढून बिचारीचे मार्क मोकळ्या जागेपायी जाणार.

बसले मग. तांबडा रंग कालवला आणि भरायला घेतलं. आधी ठिपके, मग छोटी फुलं. तरी मोराच्या बाजूला एक मोठी जागा उरली. तिथं काय काढावं? मला डोळे झाकून जे येतं ते काढलं. शेळी. आमच्या घरची कवडीच काढली, लांब कान, बारकी दाढी, सगळं चौकोनाचौकोनानं. पोटाखालची, पायांमधली जागासुद्धा सोडली नाही. संध्याकाळी हात धुतले तेव्हा मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की काय सांगू.

वाळायला म्हणून ग्राफ तिथंच ठेवला आणि मामीबरोबर बाजारात गेले. रविवारी सकाळी आणायला वर जाते तर टेबल रिकामं.

"मामी, वरचा ग्राफ?"

"ह्यांनी नेला की काल. काकांनी दवाखान्यातनं सांगितलं हुतं, टेबलावरचा ग्राफ कारखान्यात पोचता कर म्हणून. सुरळी करून तवाच घेऊन गेले."

मी म्हटलं, लावण्याचा गृहपाठ कारखान्यात कशाला?

आणि मग मला भिंतीकडचा कपड्यांचा ढीग आठवला. वर गेले, इस्त्रीचे कपडे उचलले. त्यांच्याखाली दुसरं टेबल. त्या टेबलावर लावण्याचा छोटा ग्राफ, अर्धवट रंगवलेला. त्या घरात टेबलं दोन आहेत हे मला कुणी सांगितलं होतं का?

मी जिन्यातच बसले. मी भरून टाकला होता तो अंबादास काकांचा ग्राफ होता. हैदराबादच्या नव्या गिऱ्हाइकाला नमुन्याची चादर दाखवायची होती, तिचा. आणि तो गेला होता पंचिंगला.

पंचिंग म्हणजे काय ते सांगते. ग्राफमधला एक-एक चौकोन बघून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्या मागावर चढतात, आणि ग्राफमध्ये आहे ते चादरीत उतरतं. भोकं पाडणारा माणूस रंग बघतो, चित्र बघत नाही. तांबडा चौकोन म्हणजे तांबडा. तो मोराचा का शेळीचा, त्याला काय करायचंय?

तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच मामाला सांगायचं ना. अहो, सांगायला तोंड तर उघडायला पाहिजे! माझं तोंड उघडलं की मला आबा दिसायचे. हातात काठी, आणि ती काठी माझ्याकडं धरलेली.

सोमवारी शाळेत शेख सरांनी माझं संकल्पचित्र वर्गाला उंच धरून दाखवलं. "हे बघा. कुठं आहे मोकळी जागा? ह्याला म्हणतात काम." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी मामा डबा घेऊन निघाला तेव्हा मी दारात गाठलं.

"मामा, एकदा मागावर चढलेलं थांबवता येतं का?"

"लाईट गेली की थांबतंय. का गं?"

"परीक्षेत विचारतात."

त्या दिवशी मी गणपतीपासून म्हसोबापर्यंत सगळ्यांना एकच मागणं मागितलं, लाईट घालवा. आमच्या भागात एरवी सांगायला नको, जेवताना जाते, अंघोळीला बसलं की जाते. त्या दिवशी पंखा क्षणभर थांबला नाही. मी त्याच्याकडं बघत पडून होते.

बुधवारी संध्याकाळी मामा घरी आला आणि चप्पल न काढताच खाली बसला. तोंड पांढरंफटक.

"काय झालं हो?" मामी म्हणाली.

"चादरीत शेळ्या निघाल्या."

मामीला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. तिनं पाणी दिलं. मामा पाणी न पिता म्हणाला, "मोर हायत, वेल हाय, आन् मधे शेळ्या. सगळ्या चादरभर."

आता ही दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती. आम्ही शाळेत काढतो ते एकदाच दिसतं. मागावरचं तसं नसतं. ग्राफमध्ये एक फूल काढलं की ते चादरभर परत परत उमटतं. मी एकच शेळी काढली होती हो!

"किती हायत?" मामीनं विचारलं.

"मोजल्या न्हाईत. पर दाजींकडं हायत त्याच्यापेक्षा जास्त हायत."

मी भिंतीला टेकले. मामा खाली मान घालून बोलत होता. "ग्राफ माझ्या हातनं गेला. शेठ मलाच विचारत्यात, कुणी घाण केली? म्या काय सांगू? उद्या काका दवाखान्यातनं येणार, त्यांनी ठरवायचं म्हणाले. काकांनीच लावलं, काकाच काढतील. खोली पण सोडाय लागंल."

आतापर्यंत माझ्या परत जाण्याची भीती होती. आता मामाचा संसार निघाला होता माझ्याबरोबर.

गुरुवारी शाळेतून आले तर वर बोलणं चाललेलं. जिना चढताना कठड्याला धरून चढले. खोलीत अंबादास काका खुर्चीवर, डोळ्याला काळा चष्मा. शेजारी लावण्या. पुढं सतरंजीवर ती चादर पसरलेली, आणि चादरीच्या कडेला मामा हात जोडून उभा.

"काका, म्या सुरळी उघडून बघितली न्हाय. चूक माझीच हाय."

मला राहवलं नाही. दारातूनच सुरू झाले. टेबल, इस्त्रीचे कपडे, शेख सर, मार्क, कवडी, सगळं एका दमात. शेवटी रडत म्हणाले, "मामाला काढू नका. आबांना सांगा, मला न्या म्हणून सांगा, पण मामाला ठेवा."

लावण्या माझ्याकडं बघत राहिली. मामानं जोडलेले हात तसेच ठेवले होते.

"कशाला भरलं, अम्मा?" काका म्हणाले. मुलींना ते अम्माच म्हणायचे.

"मोकळी जागा होती."

"होती की. मीच सोडली होती. चार दिवस बसून सोडली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसले. चादर जवळ ओढली आणि एका डोळ्यानं बघत बोट फिरवायला लागले.

"ही शेळी?"

"हो."

"तुमच्या घरी शेळ्या आहेत ना?"

"हो, काका."

"लहानपणापासून?"

"हो."

"मग ये इकडं. पाय मोज."

मी खाली बसले. मोजले. परत मोजले. शेजारच्या शेळीचे मोजले. मागच्या ओळीतल्या दोघींचे मोजले.

पाच.

पायांमधली जागा भरली होती ना मी, तिचाच पाचवा पाय झाला! सगळ्या कळपाला पाच-पाच पाय. लावण्या तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मामा जोडलेल्या हातांआडून हसत होता, पण काका हसले नव्हते.

"डॉक्टरांनी सांगितलंय, मला आठ दिवस वाकून काम करायचं नाही," ते म्हणाले. "ग्राफ नवा काढायचा. शाळा सुटली की तू इथं बसायचं. मी सांगेन तोच चौकोन भरायचा. जो सांगणार नाही, त्याला हात लावायचा नाही. मामा कामावर जाईल."

आठ दिवस मी तसं केलं. एक चौकोन चुकला की काका जिभेनं च्यक करायचे, आणि माझा जीव तेवढ्या आवाजानं गोळा व्हायचा. पण नमुना वेळेत गेला आणि गिऱ्हाइकाला मोर पसंत पडले. तुम्हाला खरं सांगते, डिझाइन म्हणून जे काय मला येतं, ते त्या आठ दिवसांतलं आहे. शेख सरांना मात्र परीक्षेपर्यंत काही बोलले नाही.

राहिली ती शेळ्यांची चादर. शेठ म्हणाले, ही विकायची नाही, न्या घरी. आणि माझ्या शहाण्या मामानं ती नेली कुणाकडं? आबांकडं. सोबत सगळी हकीकतही सांगून आला.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. मी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"चादर बघितली," आबा म्हणाले.

"आबा, चुकलं माझं. कपडे भरू का?"

पलीकडं शेळ्या ओरडत होत्या.

"कान कवडीचे हायत," आबा म्हणाले. "वळखीचे वाटले. पर पाय कुणाचे?"

"आबा..."

"हितं यिऊ नगंस. तितंच शिक. जिला शेळीचे पाय मोजता येत न्हाईत, तिच्या हवाली म्या कळप करू व्हय?"

फोन ठेवून मी हसावं का रडावं तेच मला कळेना. भीत होते ते टळलं होतं, आणि टळलं कशानं, तर आबांच्या लेखी मी शेळ्यांच्या लायकीची राहिले नव्हते.

आता इतकी वर्षं झाली. मी डिझाइन शिकले, एका कारखान्यात ग्राफचंच काम करते. गावी गेले की आबा ती चादर मला अंथरायला देतात. पण संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की मोजायला अजून शेजारच्याच कुणाला तरी हाक मारतात.