काकांची आकडी आणि आमची कॅमोमाइल

बाबा गेल्यापासून आईची झोप उडाली होती. गोळी घेतली की सकाळी तिचा तोल जायचा, म्हणून डॉक्टरांनी गोळी बंद केली. कॅमोमाइलच्या फुलांचा चहा देऊन बघा, म्हणाले. दुकानातल्या पुड्यांना जुन्या गादीसारखा वास येत होता. मग मीच बी आणलं आणि दिवाळीनंतर मुलुंडच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये कुंड्या मांडल्या.

बागकाम करून मन प्रसन्न होतं म्हणणाऱ्यांना एकदा त्या कुंड्यांपाशी बसवायला हवं. कबुतरांची घाण रोज खरवडायची. थंडी पडली तसा कोवळ्या शेंड्यांवर मावा चढला, हिरव्या बुळबुळीत किड्यांचे थरच्या थर. साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून फवारलं, पण शेवटी बोटांनीच चिरडावे लागायचे. त्या चिकट हातांची इतकी किळस यायची की धुऊनही त्यांनी पोळी मोडवत नसे. पण आई तारवटलेल्या डोळ्यांनी समोर येऊन बसली, की मी पुन्हा कुंडीपाशी.

जानेवारीत फुलं आली. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा फुगवटा. पाकळ्या जरा मागे झुकल्या की खुडायची आणि सावलीत वाळवायची.

"उद्या खुडते गं आई," मी म्हटलं. आईने एक डबा घासून, पुसून तयार ठेवला.

सकाळी बघते तर नुसते देठ. दोन रोपं मुळासकट ओढलेली. खाली तळमजल्यावरचे, आमच्या बरोबर खालच्या घरातले काका चालले होते, एका हातात काठीला बांधलेली आकडी, दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी. सोसायटीतली कुणाचीही जास्वंद, कुणाचीही तगर ते रोज पूजेला नेतात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय! मी तशीच त्यांच्या घरी गेले. देव्हाऱ्यात माझी फुलं हळदीकुंकवात माखून पडली होती.

"काका, ही आईच्या औषधाची होती."

"मला वाटलं बारीक शेवंती. जाऊ दे गं, देवालाच वाहिली ना? पुण्य तुलाच लागेल."

"परत द्या."

"देवावरचं फूल काढून चहात घालतेस? काय गं तू!"

दुसऱ्या दिवशी ती फुलं गेटवर टांगलेल्या निर्माल्याच्या पिशवीत दिसली. कुजकं पाणी ठिबकत होतं, चिलटं घोंघावत होती. तरी मी आत हात घातला. एक तरी धड मिळेल, वाटलं. हाताला नुसता लगदा लागला. मला शिसारी आली, आणि ती काही त्या लगद्याची नव्हती, काकांची होती.

घरी येऊन हात धूत मी आईला म्हटलं, "त्यांना काही म्हणजे काही वाटलं नाही. अशा माणसाला झोप तरी कशी लागते?"

आईने रिकामा डबा फडताळात ठेवला.

"लागते गं," ती म्हणाली. "रात्रभर घोरणं ऐकू येतं मला."