एक चूक उत्तर लागेल ना, सर?

"सर, एक चूक उत्तर पण लागेल ना?" पाठ सुरू होण्याआधी दहावीची मॉनिटर श्रावणी हळूच म्हणाली. "मागच्या सरांना लागलं होतं. आम्ही देतो."

मुलुंडच्या त्या शाळेत दर वर्षी बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठ घ्यायला येतात. सराव पाठ म्हणजे उसन्या वर्गावर शिक्षक होऊन दाखवणं. मागच्या बाकावर निरीक्षक बसतात आणि गुण देतात. मुलाने चुकायचं, शिक्षकाने प्रेमाने सुधारायचं, की त्याचे वेगळे गुण. मुलांना हे आमच्या प्राध्यापकांइतकंच पाठ झालं होतं.

माझा फिजिक्सचा पहिला पाठ नापास झाला होता. हा रिपीट. हाही गेला तर वर्ष जाणार होतं, आणि विमा कंपनीतली नोकरी मी आधीच सोडून बसलो होतो.

"लागेल," मी म्हणालो.

"रिद्धीला सांगते. तिला छान जमतं."

निरीक्षक मॅडम आल्या. फळ्यावरची रेघ पट्टीनेच का मारावी, यावर त्यांचं स्वतंत्र व्याख्यान होतं. मी रेघ पट्टीने मारली.

विषय बहिर्गोल भिंग. मधे जाड, कडेला पातळ. दिवे बंद केले, भिंग खिडकीसमोर धरलं आणि मागे पांढरा कागद. कागदावर समोरची बिल्डिंग उलटी उतरली. गॅलरीत वाळत घातलेले कपडे वरच्या दिशेने लोंबत होते. वर्गाने ठरल्याप्रमाणे "वा" केलं.

"भिंगाचा वरचा अर्धा भाग झाकला तर काय होईल?" हा प्रश्न मी लिहून आणलेल्या पाठाच्या टाचणात नव्हता. तोंडातून गेला.

रिद्धी उभी राहिली. "सर, अर्धीच बिल्डिंग दिसेल."

छान, आता सुधारायचं. पण वर्गात कुणीच हसलं नाही. सगळ्यांच्या माना होकारार्थी हलत होत्या. मी भिंगावर पुठ्ठा धरला.

बिल्डिंग पूर्ण होती. कपडेही सगळे. फक्त अंधुक झाले.

"सर, चीटिंग! पुठ्ठा नीट धरा ना!"

"तूच ये. धर."

रिद्धी आली. मग श्रावणी. मग रांगच लागली. प्रत्येकाने खालून, वरून, बाजूने झाकून पाहिलं. कपड्यांच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला उजेड भिंगभर पडतो, म्हणून अर्धं भिंगही सगळं चित्र काढतं, फक्त कमी उजेडात. हे मी सांगितलं नाही. रिद्धीने अडखळत, दोनदा चुकून, शेवटी सांगितलं. रांगेच्या शेवटी मॅडम उभ्या होत्या. त्यांनीही तळहाताने भिंग झाकलं आणि कागदाकडे बराच वेळ पाहिलं.

घंटा झाली. मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला.

"टाचण अर्धं सोडलंत तुम्ही," बाहेर मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम."

"काठावर पास करते. मागे बसूनच पाहिलं असतं, तर नापास केलं असतं."

जिन्यात रिद्धीने गाठलं. चेहरा पडलेला. "सर, सॉरी. ठरलेलं चूक उत्तर वेगळं होतं. हे मी खरंच चुकले."

"ते कळलं गं. म्हणूनच मी पास झालो."

आता मी बोरिवलीत शिकवतो. सराव पाठ घ्यायला आमच्याकडेही मुलं येतात. ती मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसलेल्या माझ्याकडे बघत शिकवतात. मी दर वेळी उठून खिडकीपाशी उभा राहतो.